रोड आणि ऑफ-रोड दोन्हीसाठी एकच बाईक: भिवंडीतल्या माणसाने नक्की काय बघायचं?

"दादा, एक्सपल्स घेऊ की हिमालयन?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. विचारणारा बहुतेक वीस-बावीसचा असतो. रील्स बघून झालेल्या असतात, ईएमआयचा हिशेब जुळवलेला असतो आणि माझ्याकडून त्याला फक्त एक नाव हवं असतं. मी नाव सांगत नाही. उलट विचारतो, "तुझ्या नेहमीच्या रस्त्यातले सगळ्यात वाईट दहा किलोमीटर कुठले?"

हा प्रश्न मी स्वतःला वेळेवर विचारला नव्हता. दोन पावसाळ्यांपूर्वी मी एक सेकंडहँड ॲडव्हेंचर बाईक घेतली. चारशेच्या वर सीसी, वजन दोनशे किलोच्या आसपास, दिसायला एकदम जबरदस्त. ब्रँड सांगत नाही, कारण त्यात गाडीची काही चूक नव्हती. जुलै महिना, संध्याकाळचे सात, भिवंडी-वाडा रस्ता, अंबाडी यायच्या थोडं अलीकडे. पाणी भरलेला खड्डा, आणि माझा स्पीड जेमतेम दहाचा. पुढचं चाक आत गेलं, गाडी थांबली, मी डावा पाय टेकवायला गेलो तर खाली जमीनच नाही. तिथेही खड्डाच होता. गाडी डावीकडे आडवी झाली आणि माझा पाय तिच्याखाली. मागून ट्रेलर येत होता. ड्रायव्हरने वेळेत ब्रेक मारला म्हणून ठीक. मी एकट्याने गाडी उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही. शेवटी ट्रेलरचा क्लीनर खाली उतरला आणि आम्ही दोघांनी मिळून ती उभी केली. क्लचचा लिव्हर तुटला, घोटा तीन आठवडे सुजलेला होता. दहाच्या स्पीडला! तेव्हापासून मी बाईकची स्पेसिफिकेशन शीट वेगळ्या नजरेने वाचतो. तेच इथे सांगतोय.

डुअल-स्पोर्ट म्हणजे कुठली बाईक?

सोप्या भाषेत, नंबर प्लेट, हेडलाइट, इंडिकेटर सगळं असलेली, आरटीओत रीतसर नोंदणी होणारी, पण कच्च्या रस्त्यावरही चालेल अशी बांधलेली बाईक. लांब सस्पेन्शन, पुढे मोठं चाक, स्पोक असलेली रिम, उंच मडगार्ड, इंजिनाखाली लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची प्लेट. जगात ही जात लोकप्रिय झाली ती १९६८ च्या यामाहा डीटी-१ पासून. आपल्याकडे २०११ मध्ये हिरोने इम्पल्स आणली होती, १५० सीसीची. बिचारी काळाच्या आधी आली आणि काही वर्षांत बंद झाली. मग २०१६ मध्ये रॉयल एनफिल्ड हिमालयन आली, २०१९ मध्ये हिरो एक्सपल्स २००, आणि मग या बाईक आपल्या गल्लीत दिसायला लागल्या.

तिची चुलत भावंडंही आहेत. ॲडव्हेंचर टूरर म्हणजे लांबच्या प्रवासाला बरी, जड, मोठ्या टाकीची. डर्ट बाईक म्हणजे फक्त ट्रॅकसाठी. तिला नंबर मिळत नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण ऑनलाइन जुन्या बाजारात कावासाकी केएलएक्स ११० किंवा १४० सारख्या ट्रॅकच्या गाड्याही दिसतात आणि "पेपर नंतर करून देतो" असं सांगणारे भेटतात. ज्या गाडीची रस्त्यासाठी नोंदणीच होत नाही, तिचे पेपर नंतरही होत नाहीत. आरसी बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

आधी फोन काढा, शोरूम नंतर

सगळ्यात महत्त्वाचं काम फुकटात होतं. गुगल मॅप्समधली टाइमलाइन महिनाभर चालू ठेवा. कुठल्या दिवशी कुठल्या रस्त्याने किती किलोमीटर गेलात, सगळं दिसतं. महिन्याने वही घेऊन बसा आणि किलोमीटर तीन ढिगांत वाटा: साठच्या वर जाता येतं असा रस्ता, डांबर किंवा काँक्रीट आहे पण फुटलेलं, आणि खरोखरचा कच्चा रस्ता.

मी पडल्यानंतर हे केलं. माझं काम मानकोलीच्या बाजूला एका गोडाऊनमध्ये, घर भिवंडी शहरात, मामाचं गाव वाड्याकडे. महिन्याचे साधारण अकराशे किलोमीटर निघाले. त्यात चारशे हायवेचे, सव्वासहाशे फुटक्या रस्त्याचे आणि माती-दगडाचे किती? पंचाहत्तर. म्हणजे मी स्वतःला ऑफ-रोड रायडर समजत होतो आणि माझा खरा ऑफ-रोड शंभरातले सात किलोमीटर पण नव्हता. पण अर्ध्याहून जास्त प्रवास अशा रस्त्यावर होता, ज्याला नकाशावर पक्का रस्ता म्हणतात.

भिवंडीत राहणाऱ्या बहुतेकांचं गणित असंच निघेल. अंजूरफाटा, काल्हेर, कशेळी, राजनोली, जिथे बघाल तिथे कंटेनर आणि ट्रेलर. पावसाळ्यात त्यांच्या चाकांनी रस्त्यात चर पडतात आणि उन्हाळ्यात त्याच चरांत भुसभुशीत धूळ साठते. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधली फट असते, तिच्यात पुढचं चाक अडकलं की हँडल आपलं ऐकत नाही. हे सगळं ऑफ-रोडच आहे, फक्त त्याचे फोटो कोणी टाकत नाही. तुमच्यापैकी कोणी वसईच्या बाजूने येत असेल किंवा शहापूरला कॉलेजला जात असेल, तर ढिगारे वेगळे निघतील. निघू देत. गाडी त्या वहीतल्या आकड्यांसाठी घ्यायची आहे.

पुढचं चाक किती मोठं?

फोन घेताना आपण मेगापिक्सेल बघतो आणि सेन्सरचा आकार बघत नाही. बाईकमध्ये तसंच सीसी बघतो आणि चाक बघत नाही. टायरसकट त्रिज्या धरून मी एक साधं गणित केलं. एक फूट रुंदीचा, काठ सरळ असलेला खड्डा. १७ इंची चाक, म्हणजे नेहमीच्या १५०-१६० सीसी बाईकचं, त्यात साधारण ४२ मिमी खाली उतरतं. १९ इंची चाक ३७-३८ मिमी. २१ इंची चाक ३५ मिमी. दिसायला फरक चिमूटभर, पण चाक जितकं खोल उतरतं तितका समोरचा काठ त्याला जास्त उभा लागतो, आणि हँडलला बसणारा झटका त्या काठाचाच असतो. दिवसात असे दोनशे काठ आले की मनगटांना फरक कळतो.

मग सगळ्यांनी २१ घ्यावं का? नाही. मोठं, अरुंद चाक वळायला थोडं आळशी असतं आणि हायवेला वेगात लेन बदलताना १७-१९ इतकं चपळ वाटत नाही. ज्याच्या वहीत हायवेचा ढीग मोठा आहे, त्याला १९ इंच हा उत्तम मधला मार्ग आहे.

सस्पेन्शनचं पण असंच. "ट्रॅव्हल" लिहिलेला आकडा म्हणजे चाक वर-खाली किती जाऊ शकतं ते. साध्या कम्युटरला पुढे साधारण १२०-१३० मिमी मिळतो. एक्सपल्स २०० ४व्ही ला पुढे १९० आणि मागे १७० आहे, हिमालयन ४५० ला दोन्हीकडे २००. हा आकडा वाढला की सीटही वर जाते. फुकट काही मिळत नाही, आणि माझी फसगत नेमकी इथेच झाली होती.

उंची आणि वजन, इथे घाई करू नका

घरी भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा. जाडसर पुस्तक दोन्ही मांड्यांमध्ये वरपर्यंत घट्ट धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. माझं ७६ सेंमी भरतं. आता ८२५ मिमी सीटची गाडी घ्या. मी बसलो की मागचं सस्पेन्शन तीन-चार सेंमी दबतं, बुटाची टाच तीन सेंमी देते, पण सीटची रुंदी पाय बाहेर ढकलते, त्यात थोडं जातं. हिशेब असा की दोन्ही पायांचे चवडे टेकतात. सपाट जमिनीवर.

"सपाट जमिनीवर" हे शोरूमच्या टाइल्सवर कोणाला आठवत नाही. वाडा रोडवर तुमचा पाय जिथे टेकणार तिथे जमीन पंधरा सेंमी खाली असू शकते. म्हणून शोरूममध्ये गाडीवर बसलात की एक प्रयोग करा: मित्राला उजव्या बाजूला उभं करा, आणि डावा पाय फुटपाथवरून खाली ठेवल्यासारखा, एक पायरी खाली टेकवून बघा. सीटवरून अर्धं सरकून एका बाजूला बसायची सवय असेल तर जमतं. ती सवय नसेल तर गाडी तिथेच कलायला लागते आणि मित्र उपयोगी पडतो.

कललेली गाडी सावरायची ताकद वजनावर ठरते. इथे आकडे बघा. कावासाकी केएलएक्स २३० चं वजन १३९ किलो, पण सीट ८८० मिमी. एक्सपल्स २०० ४व्ही १६० च्या आसपास, सीट ८२५. सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७ किलो, सीट ८३५. हिमालयन ४५० १९६ किलो, सीट ८२५ आणि ८४५ अशा दोन उंचींवर लावता येते. कागदावर एक्सपल्स आणि हिमालयनची सीट सारखीच आहे. पण कलल्यावर एक सावरता येते आणि दुसरीला घाम फुटतो, निदान माझ्यासारख्या साठ किलोच्या माणसाला.

आडवी गाडी उचलायची पद्धतही शिकून घ्या, जिममधल्या डेडलिफ्टसारखी कंबर वाकवून नाही. आधी इंजिन बंद. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड बाहेर काढा आणि गिअर टाकून ठेवा, म्हणजे चाक फिरणार नाही. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा, सीटला पाठ लावून उकिडवे बसा, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची ग्रॅब रेल किंवा फ्रेम धरा, आणि पाठ सरळ ठेवून लहान पावलं टाकत मागे ढकला. सेकंडहँड गाडी घेताना मालकासमोर हे करून बघता येत नाही, पण एखाद्या मित्राच्या तशाच गाडीवर, गवतात, एकदा नक्की करा. उठली नाही तर ती गाडी तुमची नाही. लोनच्या आधी कळलेलं बरं.

ट्यूब की ट्यूबलेस

स्पोकची चाकं दगडावर आपटली तर वाकतात, सहसा फुटत नाहीत, आणि वाकलेली सरळ करता येतात. पण बहुतेक स्पोक रिममध्ये ट्यूब असते. गोडाऊनच्या पट्ट्यात खिळे, पॅलेटच्या पट्ट्या, तारा यांचा तुटवडा नाही. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा गेला तर हवा हळूहळू उतरते, स्ट्रिप घालून दहा मिनिटांत काम होतं. ट्यूब असेल तर चाक काढावं लागतं, आणि या गाड्यांना बहुतेक मेन स्टँड नसतो. शिवाय २१ इंची ट्यूब प्रत्येक पंक्चरवाल्याकडे असेलच असं नाही. मी सीटमागच्या बॅगेत एक २१ ची ट्यूब ठेवतो. अडीअडचणीला ती मागच्या १८ इंची चाकातही कोंबता येते, हळू चालवत घरी पोचता येतं. व्ही-स्ट्रॉम एसएक्सला अलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायर येतात. हिमालयन ४५० ला २०२४ पासून ट्यूबलेस स्पोकचा पर्याय आहे, थोडे पैसे जास्त देऊन.

खरखरीत गुठळ्यांचे टायर मात्र लगेच घालू नका. चिखलात मस्त चालतात, पण ओल्या काँक्रीटवर ब्रेक मारला की घसरतात, आणि आपल्याकडे ओलं काँक्रीट जास्त. कंपनीने दिलेले मधल्या जातीचे टायर पुरतात.

एबीएसबद्दल एकच. मातीवर मागचं एबीएस बंद करता आलं तर उतारावर गाडी काबूत राहते. एक्सपल्स २१० आणि हिमालयन ४५० मध्ये ती सोय आहे, व्ही-स्ट्रॉम एसएक्समध्ये नाही. आणि डांबरावर आल्यावर ते परत चालू करायला विसरू नका.

मग कोणी काय घ्यावं?

महिन्यातून दोन-तीनदा नाशिकला जाणारे, मागे कोणी बसलेलं, सामान लादलेलं, असे असाल तर ताकद लागते. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये आपल्या तालुक्यातल्या आमणेपर्यंत पूर्ण झाला, पण तिथे दुचाकीला बंदी आहे. म्हणजे आपल्या नशिबी जुना हायवे आणि कसारा घाटच. जाताना साधारण १३० किलोमीटर. हिमालयन ४५० चं ४० पीएसचं इंजिन आणि १७ लिटरची टाकी इथे कामाला येते. व्ही-स्ट्रॉम एसएक्सही (२६.५ पीएस) हे काम निवांत करते, आणि जीएसटीत स्वस्त पडते. कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर ४० टक्के. किंमत मी मुद्दाम लिहीत नाही, दर दोन महिन्यांनी बदलते. ऑन-रोड आकडा लेखी मागा.

माझ्यासारखा फुटक्या रस्त्याचा ढीग मोठा असेल, उंची बेताची असेल, घरात एकच गाडी असेल, तर एक्सपल्स. २०० ४व्ही मध्ये १९ पीएस आहेत, त्यामुळे ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढे ती रमत नाही. २१० मध्ये लिक्विड कूलिंग, सहा गिअर आणि साडेचोवीस पीएसच्या आसपास ताकद आहे, वजन आठ-दहा किलो जास्त. मी सेकंडहँड २०० ४व्ही घेतली. जुनी विकून वर पैसे उरले, त्यातून गुडघ्याचे गार्ड आणि घोट्यापर्यंतचे बूट आले. आधी आले असते तर तीन आठवडे पगार कापला गेला नसता.

केएलएक्स २३० ज्याच्याकडे आधीच एक गाडी आहे त्याने घ्यावी. मातीवर तिच्याइतकी हलकी दुसरी सहज मिळत नाही, पण टाकी ७.६ लिटरची आणि मागे आई बसणार असेल तर ८८० ची सीट तिला शिक्षाच. केटीएम ३९० एन्ड्युरो आरची टाकीही नऊ लिटरचीच. ती पुण्याजवळ चाकणला बनते, ताकद भरपूर, पण पहिली ऑफ-रोड बाईक म्हणून मी कोणाला सुचवणार नाही.

हँडलवरचा फोन

सिंगल सिलिंडर बाईकचं व्हायब्रेशन फोनच्या कॅमेऱ्याला मारक ठरू शकतं. ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन असलेल्या कॅमेऱ्यात लेन्स बारीकशा चुंबकांवर तरंगती असते. ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं होतं की मोटारसायकलच्या इंजिनाच्या जोरदार कंपनांनी हा भाग बिघडू शकतो, म्हणून आयफोन थेट हँडलला लावू नका. अँड्रॉइडवाल्यांनी हसू नये, तंत्र तेच आहे. लावायचाच असेल तर रबर डॅम्पर असलेला माउंट घ्या, नाहीतर घरातला जुना फोन लावा. हिमालयन ४५० च्या गोल स्क्रीनवर गुगल मॅप्स थेट येतो, एक्सपल्सवर फक्त वळणाच्या खुणा येतात. दोन्हीत फोन खिशात राहतो, हाच मोठा फायदा. वाड्याच्या पुढे नेटवर्क जातं-येतं, त्यामुळे त्या भागाचा मॅप आधीच ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. आणि आयपी६७ म्हणजे चार्जिंग पोर्टमध्ये चिखलाचं पाणी चालतं असा अर्थ नाही. ओल्या पोर्टला केबल लावू नका.

माती कुठे चाखायची

तुंगारेश्वर आणि तानसा ही दोन्ही अभयारण्यं आहेत. तिथल्या जंगलवाटांवर परवानगीशिवाय गाडी घालायची नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा लागू होतो. रीलमध्ये कोणी घातलेली दिसली तरी नाही. गुमतारा, माहुलीसारख्या किल्ल्यांच्या पायवाटाही चालायच्या आहेत. गाड्या खाली गावात लावा.

सरावाला मला भातकापणीनंतरचे दिवस आवडतात. दुगाड, वज्रेश्वरी, गणेशपुरीच्या बाजूला डांबर सोडलं की शेतरस्ते लागतात. एखाद्या शेतकऱ्याला विचारलं तर कापलेल्या शेतात फिरवायला नाही म्हणत नाहीत, फक्त बांध फोडायचा नाही. रविवारी सकाळी सातला निघा, टायरची हवा थोडी कमी करा, आठ-दहाच्या वेगात उभं राहून गाडी चालवायची सवय करा, दोनदा मुद्दाम गाडी आडवी करून उचलून बघा. परत येताना अंबाडीच्या पंपावर हवा पुन्हा भरायची, कारण कमी हवेत फुटक्या डांबराच्या काठावर ट्यूब चिमटते, आणि मग त्या २१ च्या ट्यूबची गरज त्याच दिवशी लागते.